त्र्याण्णव नंबरचा खुराक

गाडीत बसण्याआधी वस्ताद तिच्या बॉनेटवर उजव्या हाताची थाप मारायचे. नुसती थाप नव्हे, शड्डू. आखाड्यात उतरलेला पैलवान स्वतःच्या मांडीवर मारतो तसा, आवाज काढून. मग वाकून चिमूटभर माती उचलायची, थोडी टायरला लावायची, उरलेली कपाळाला, आणि मगच दार उघडायचं. आमच्या पेठेतला रस्ता डांबरी झाला तेव्हा मातीची पंचाईत झाली. मग ते दारातल्या तुळशीच्या कुंडीतून चिमूट घेऊ लागले. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनींचं म्हणणं असं, की या गाडीपायी एक दिवस तुळस उघडी पडणार.

असा माणूस तुमच्याही पेठेत असणार. फरक इतकाच, की तुमच्याकडचा बहुधा दांडगा असेल. आमचे वस्ताद माझ्या खांद्याला लागत. कान मात्र अस्सल पैलवानाचे, मोडून गोळा झालेले. नव्या माणसाला कोणी 'हे वस्ताद' म्हणून ओळख करून दिली, की तो त्यांच्या मागे आणखी कोणी उभं आहे का ते बघायचा.

साताऱ्यातल्या एका शाळेत ते कवायतीचे मास्तर होते आणि मी विज्ञानाचा. वस्ताद हे नाव आधी मुलांनी ठेवलं, मग आम्ही उचललं, आणि शेवटी हेडमास्तरही तेच म्हणू लागले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी गाडी घेतली. आठशे सीसीची, पांढरी, काड्यापेटीएवढी. तेव्हा प्रत्येक डॉक्टरच्या दारात असायची तीच. पण वस्ताद तिला गाडी म्हणत नसत. म्हणायचे, "गाडी न्हवं सर, पठ्ठा हाय माजा." आता पठ्ठा म्हटला की खुराक आलाच. आणि खुराकाच्या बाबतीत वस्तादांचं एकच वाक्य होतं, ते शाळेच्या मैदानावर मी हजारदा ऐकलं होतं.

"खुराकावर हात आखडायचा न्हाई."

तेव्हा पेट्रोल दोन नंबरांचं मिळायचं, सत्त्याऐंशी आणि त्र्याण्णव. सत्त्याऐंशी सगळीकडे. त्र्याण्णव शोधावं लागे, आणि वस्तादांना ते पुण्यात एका पंपावर सापडलं. झालं. टाकी खाली आली, की हा गृहस्थ साताऱ्याहून पुण्याला पेट्रोल भरायला जाऊ लागला. जाताना खंबाटकीचा आणि कात्रजचा घाट, येताना पुन्हा तेच दोन, आणि घरी पोचेपर्यंत आणलेल्या पेट्रोलातला चांगला मोठा वाटा पेट्रोल आणण्यातच संपलेला. मी हे त्यांना एकदा मांडून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पैलवान तालमीतनं घरी चालत आला म्हणून त्याचं दूध वाया गेलं असं कोणी म्हणतं का?

मी विज्ञानाचा मास्तर. माझ्याच्याने गप्प बसवेना. एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी रीतसर धडा घेतला. नंबर मोठा म्हणजे ताकद जास्त असं नाही, म्हटलं. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. ठिणगी पडेपर्यंत तिनं थांबायचं असतं, आधीच पेटायचं नसतं. दाबाखाली किती थांबता येतं, त्याचा हा नंबर, ऑक्टेन म्हणतात त्याला. मोठी इंजिनं जास्त दाबतात, त्यांना त्र्याण्णव लागतं. तुमचं इंजिन गरीब, ते फारसं दाबतच नाही, त्याला सत्त्याऐंशी भरपूर झालं.

वस्ताद विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो.

"मंजी वरनं दाबलं तरी दम धरायचा," ते म्हणाले.

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"मग तालमीत आमी दुसरं काय शिकवतो?"

दुसऱ्या दिवशीपासून ते पेठेत सांगू लागले, की सरांनीही त्र्याण्णवला दुजोरा दिलाय, पुस्तकात तसं आहे.

मग मी प्रयोग करायचं ठरवलं. रस्ता तोच, साताऱ्याहून रहिमतपूरपर्यंत जाऊन परत. माणसं तीच, ते आणि मी. एकदा साधं पेट्रोल घालून, एकदा मुद्दाम पुण्याहून डब्यात आणलेलं त्र्याण्णव घालून. टाकी दोन्ही वेळा काठोकाठ भरायची आणि परत आल्यावर किती मावतं ते बघायचं. दोन्ही वेळा सारखंच मावलं. पंपावरचा माणूसही हसला. वस्तादांनी बोट ओलं करून हवेत धरलं आणि निकाल दिला, की साध्याच्या वेळी वारं पाठीमागनं होतं. मी म्हटलं, अहो, आपण जाऊन परत आलो, वारा एकदा पाठीमागून असला तर एकदा समोरून असणारच. ते म्हणाले, वारा फिरतो. याच्यापुढे विज्ञानाची मजल जात नाही.

तेलाची कथा तर याहून मोठी. त्यांचा एक जुना विद्यार्थी आखातात नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्यानं इंजिनात घालायचं सिंथेटिक ऑइल आणलं, सोनेरी डबे. वस्तादांनी एका डब्याचं बूच उघडून वास घेतला, दोन बोटांत तेल चोळून पाहिलं आणि म्हणाले, तूप आहे हे. डबे स्वयंपाकघरातल्या फळीवर गेले, लोणच्याच्या बरणीशेजारी. वहिनींनी विचारलं, ह्याचं नाव काय. सिंथेटिक हा शब्द कानावर पडताच त्यांनी पदर खोचला.

वहिनींच्या लेखी सिंथेटिक म्हणजे लग्नाकार्यात आहेर म्हणून येणारी साडी. अंगाला चिकटते, घाम शोषत नाही, चुलीपाशी नेली तर भुर्रकन जळते. त्या मला साक्षीला ठेवून म्हणाल्या, "आवं, इंजन आदीच तापतं, त्येला आन् नायलॉन कशाला घालता? काय तरी सुती बगा की."

वस्तादांनी पुष्कळ समजावलं. हे तेल वेगळं, हे जळत नाही, उलट चांगलं टिकतं. इथं मला कबूल करावं लागलं की यात थोडं तथ्य आहे. तेल खरंच चांगलं होतं. पण ज्या गाडीचं तेल वस्ताद मुळातच वेळेच्या आधी बदलायचे, तिला ते चांगलं काय आणि साधं काय. वहिनींनी एवढंच ऐकलं की सरांनाही खात्री नाही. त्यानंतर गाडीतून जरा कुठं गरम वास आला, की त्या मागच्या सीटवरून म्हणायच्या, "नायलॉन."

पोवई नाक्याकडे एक मिस्त्री होता, वस्तादांची गाडी तोच बघायचा. एके दिवशी आम्ही तिथं बसलो होतो. गाडीचा एअर फिल्टर काढून त्यानं पुसला आणि सहज, अगदी आपुलकीनं म्हणाला, "वस्ताद, कशाला एवढा खर्च करता? ह्येची कुडीच बारकी. ज्यादा खुराक ह्येच्या अंगी लागत न्हाई."

तोपर्यंत मी वस्तादांना पेट्रोलवरून, तेलावरून, वाऱ्यावरून वाट्टेल ते बोललो होतो आणि दर वेळी त्यांनी ते हसत उलटवलं होतं. त्या दिवशी ते उठले, मिस्त्रीच्या हातून किल्ली घेतली आणि गाडी घेऊन गेले. मला न घेता. एअर फिल्टर बाकावरच राहिला. तो फडक्यात गुंडाळून मी चालत त्यांच्या घरी नेला.

ते ओट्यावर बसले होते. त्या दिवशी मला जे कळलं, ते इतक्या वर्षांच्या शेजारात कळलं नव्हतं.

वस्तादांचं गाव सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. वडील लवकर गेले. घरात दोन भाऊ, रान थोडं आणि म्हैस एक. थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, ठरवलं की दोघांतल्या एकानं पैलवान व्हायचं आणि तो धाकट्यानं. म्हशीचं सगळं दूध धाकट्याला. दादा स्वतः ताकात भाकरी कुस्करून खायचे. रोज पहाटे ते पाट्यावर थंडाई वाटायचे, बदाम, खसखस, बडीशेप, आणि तांब्या घेऊन तालमीत उभे राहायचे. धाकट्यानं तांब्या रिकामा केला की मग रानात जायचे. अशी कैक वर्षं गेली. धाकट्यानं आजूबाजूच्या जत्रा मारल्या, नारळ आणले, फेटे आणले. पण अंग काही भरलं नाही. मग सांगलीच्या मोठ्या मैदानात त्यांना एक जोड मिळाली, दाराएवढा गडी. वस्तादांनी त्याला खूप वेळ दाद दिली नाही. लोक उभे राहिले होते म्हणे. आणि शेवटी पाठ लागली ती लागलीच. दादांनी त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि दोघं गावी आले. त्या कुस्तीचा विषय पुढं कधीच निघाला नाही. वस्ताद मास्तरकी करायला साताऱ्याला आले, दादा रानात राहिले. भेटी व्हायच्या, पण पीकपाण्यापलीकडे बोलणं जायचं नाही.

हे सगळं सांगताना ते माझ्याकडे नव्हे, गाडीकडे बघत होते.

"दादानं पोटाला चिमटा घिऊन बदाम चारलं सर," ते म्हणाले. "आन् माज्या अंगी लागलं न्हाई."

फिल्टर त्यांच्या हातात दिला आणि घरी आलो. त्या दिवसानंतर मी ऑक्टेनचं नाव काढलं नाही. पुण्याच्या फेऱ्या चालू राहिल्या आणि मी जमेल तेव्हा सोबत गेलो.

मग एका हिवाळ्यात दादा आले. पत्र नाही, निरोप नाही. एसटीतून उतरले आणि खांद्यावर रानातल्या शेंगांचं पोतं घेऊन चालत पेठेत. उंच, वाळलेले, धोतराचा काचा मारलेला. वस्तादांच्या शेजारी उभे राहिले तर दोघं सख्खे भाऊ आहेत हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. येण्याचं कारण त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. औंधच्या यमाईचं दर्शन राहिलं होतं. गुडघे गेलेत, डोंगराच्या पायऱ्या आता होत नाहीत. गाडीचा रस्ता वरपर्यंत आहे म्हणतात, तर धाकट्याची गाडी तेवढं चढेल का?

वस्तादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जिची इतकी वर्षं वाट बघितली ती जोड समोर आली होती, आणि नेमकी टाकी कोरडी होती. पुण्याला जाऊन यायचं तर दिवस मोडणार, आणि दादांना दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. त्यांची म्हैस दुसऱ्या कोणाला कासेला हात लावू देत नव्हती.

सकाळी आम्ही चौघं निघालो. दादा पुढे, मागे वहिनी आणि मी. नाक्यावरच्या पंपावर वस्तादांनी साधं पेट्रोल भरलं. भरताना ते गाडीच्या काचेसमोर असे उभे राहिले, की दादांना पंपावरचा नंबर दिसू नये. दादांना अक्षरओळख नव्हती, हे त्या गडबडीत त्यांच्या ध्यानातच नव्हतं. तेल मात्र आतमध्ये आखाती होतं, असं त्यांनी मला दबक्या आवाजात सांगितलं. सुती घालायला हवं होतं, असं वहिनी त्याहून दबक्या आवाजात म्हणाल्या.

रहिमतपूरपर्यंत सगळं सुरळीत होतं. औंधला डोंगर समोर आला आणि वस्ताद खाली उतरून पुन्हा शड्डू ठोकून आले. चढाला लागल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हू लागली. वस्ताद स्टिअरिंगवर ओणवे होऊन मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या वस्तादासारखं बोलत होते. धर. सोडू नगंस. दम धर. वहिनींनी यमाईचा धावा सुरू केला. एका वळणावर वरून जीप आली आणि आम्हाला थांबावं लागलं, ऐन चढावर. जीप गेली. वस्तादांनी हँडब्रेक सोडला आणि गाडी हातभर मागे सरकली. माझा हात दाराच्या कडीवर गेला, हे मी नाकारत नाही. वस्तादांचं बोलणं बंद पडलं. मानेवर घाम दिसत होता. मग दादांनीच समोरच्या डॅशबोर्डवर हलकी थाप मारली. गाडी एकदा थरथरली, आणि चढली.

वर पोचल्यावर दादा उतरले, कमरेवर हात ठेवून त्यांनी खालचा रस्ता बघितला आणि मग गाडी बघितली.

"चढला की पठ्ठ्या," ते म्हणाले. "काय घालतोस रं ह्येला?"

या प्रश्नाचं उत्तर वस्ताद पेठेत रोज देत होते, कोणी विचारलं नाही तरी. त्र्याण्णव म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? मी देवळाकडे बघत राहिलो.

"साधंच घातलंय दादा. चांगलं मिळालं न्हाई," वस्ताद म्हणाले. "तुमाला खोटं सांगवंना."

दादा तिथल्या कठड्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. दर्शनाला चला, असं वहिनी म्हणत होत्या, त्यांना त्यांनी हातानं थांबवलं.

"धाकल्या, तुज्या थंडाईत बदाम नसायचं रं."

वस्तादांना नीट ऐकू आलं नसावं. ते जवळ गेले.

"सणासुदीला टाकायचो," दादा म्हणाले. "बाकीच्या दिशी शेंगदाणं. रोज बदाम कुटनं आणू? खसखस ज्यादा घालायचो, तुला चव कळू ने म्हणून. सांगलीत तू पडलास तवा मला वाटलं, माज्या शेंगदाण्यानं पाडलं ह्येला. तवापासनं तुज्याम्होरं तोंड उगडायची लाज वाटती."

वारं सुटलं होतं, आणि या वेळी ते खरंच पाठीमागून होतं. वस्ताद भावाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते एक तर रडतील, नाहीतर गाडी घेऊन एकटेच खाली जातील.

"समदं शेंगदाणं?"

"लय करून."

"मंजी त्या दाराएवड्या गड्याला मी नुसत्या शेंगदाण्यावर एवडा येळ धरला व्हता?"

दादांनी मान हलवली. आणि वस्तादांनी, देवीच्या दारात, भर दुपारी, धोतर सावरून स्वतःच्या मांडीवर असा शड्डू ठोकला की पायऱ्यांवरची माणसं वळून बघू लागली. स्वतःच्या मांडीवर मारलेला त्यांचा शड्डू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दादा हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले, आणि माझेही. वहिनींनी तेवढ्यात पदरानं डोळे टिपून मुद्द्याचं विचारलं, म्हणजे आता पुण्याच्या फेऱ्या बंद ना?

बंद झाल्या. परतीच्या वाटेवर दोघं भाऊ रहिमतपूर येईपर्यंत त्या एकाच कुस्तीबद्दल बोलत होते. त्यानं पट काढला तवा, आन् तू निसटलास तवा. इतक्या वर्षांचं साठलेलं, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. मागच्या सीटवर वहिनी आणि मी शेंगा सोलून दोघांना पुढं देत होतो.

त्यानंतर वस्ताद नाक्यावरच्या पंपावर गाडी लावून म्हणायचे, "शेंगदाणं टाका." पंपावरच्यांना आधी कळेना, मग सवय झाली, मग बाकीची गिऱ्हाइकंही तसंच म्हणू लागली. मिस्त्रीकडेही ते एकदा मुद्दाम जाऊन आले आणि शेंगांची पिशवी देऊन आले. सोनेरी डब्यांपैकी शेवटचा त्यांनी मला दिला, माझ्या स्कूटरसाठी. ते तेल तिला चालत नाही, हे मी सांगितलं नाही. डबा अजून माझ्या कपाटात आहे, न उघडलेला.

दादा पुढच्या पावसाळ्यात गेले. वस्ताद त्यानंतर दोन हिवाळे होते, आणि मग एका सकाळी तेही गेले, झोपेतच. पंपावर आता मी स्कूटर नेली, की तिथला माणूस विचारतो, सर, शेंगदाणंच ना? मी हो म्हणतो.

गाडी चालवणारं घरात कोणी नव्हतं. मेढ्याच्या एका तरुण शिक्षकानं ती घेतली. न्यायला आला तेव्हा वहिनींनी मला बोलावून घेतलं होतं. त्यानं किल्ली घेतली, सीट मागंपुढं करून बघितली आणि विचारलं, की मेढ्याकडे सगळा चढ, तर हिला कुठलं पेट्रोल घालत होता, काही खास आहे का?

वहिनींनी तुळशीच्या कुंडीतून चिमूटभर माती घेतली. वाकून टायरला लावली. बॉनेटवर थाप मारायला हात उचलला, आणि मग नुसताच ठेवला.

"साधंच घाला बाळा," त्या म्हणाल्या. "अंगी लागतं."